वाघाच्या कवटीचं जुनं चित्र फ्रेम करून लावायचंय? प्लेट निवडण्यापासून भिंतीपर्यंत सगळं

ठाण्यातल्या माझ्या घरी हॉलमधे वाघाच्या कवटीची एक फ्रेम आहे, बाजूने दिसणारी, खालचा जबडा जागेवर, सगळी राखाडी रंगात, आणि घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी हेच विचारतो की खरी आहे का. खरी नाहीये, 19व्या शतकातल्या पुस्तकातल्या एका लिथोग्राफ प्लेटवरून, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेल्या चित्राच्या पानावरून, काढलेली प्रिंट आहे. पण ही माझी तिसरी प्रिंट. पहिली एका पावसाळ्यात गेली, दुसरीचं काय झालं ते पुढे सांगते, आणि तिसरी पाच पावसाळे झाले तरी जशीच्या तशी आहे. मधे एवढ्या जणांनी विचारलं की कसं केलंस, की आता एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

माझं एक मत आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे चित्र शोभेचं म्हणून काढलेलं नव्हतं. कुणीतरी खरी कवटी समोर ठेवून, दोन हाडं जुळतात ती एकेक शिवण, एकेक भोक बघून, दुसऱ्या माणसाला ते हाड वाचता यावं म्हणून काढलं होतं. त्यामुळे साइझ, कागद, काच, माउंट (काच आणि चित्रामधला खिडकी कापलेला पुठ्ठा) काहीही ठरवताना मी एकच बघते, की समोर उभं राहून ते अजून वाचता येतंय का.

खऱ्या कवटीच्या वाटेला जाऊ नका

हे पटकन सांगते पण अगदी मनापासून. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधे वाघ, बिबट्या, सिंह अनुसूची 1 मधे आहेत आणि त्यांची कातडी, नखं, दात, हाडं, कवटी यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. 'खूप जुनी आहे', 'आजोबांच्या काळातली आहे' असं म्हणून कुणी विकायला आलं तरी तो गुन्हाच. वाड्यात खरंच शिकारीच्या काळातलं काही पडून असेल तर मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते बघा आणि वनखात्याकडे विचारा, ऑनलाइन फोटो टाकून किंमत विचारू नका. चित्राला यातलं काहीच लागू नाही.

आधी कवटी कुणाची ते ओळखा

ऑनलाइन 'टायगर स्कल' म्हणून ज्या प्रिंट्स विकतात त्यात सिंह असतात, बिबटे असतात, एकदा तर मी चक्क अस्वल बघितलंय. आणि हल्ली कॉम्प्युटरने तयार केलेली चित्रं एवढी आलीयेत की दात मोजल्याशिवाय मी काहीच घेत नाही. दात मोजणं अवघड नाही, एकदा समजून घ्या, आयुष्यभर उपयोगी पडेल.

वाघाला एकूण 30 दात. वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला 3 पटाशीचे, 1 सुळा, 3 उपदाढा आणि 1 दाढ. खाली 3 पटाशीचे, 1 सुळा, 2 उपदाढा, 1 दाढ. वर 16, खाली 14. बाजूने बघताना खाली सुळ्यानंतर मोकळी जागा आणि मग तीनच दात दिसायला हवेत. वर सुळ्यानंतर एक अगदी बारका, खुंटीसारखा दात, मग दोन मोठे, त्यातला मागचा सगळ्यात लांब. वरची शेवटची दाढ एवढी छोटी आणि आडवी बसलेली असते की बाजूने बहुतेक दिसतच नाही, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून चित्र चुकीचं समजू नका. वरची ती लांब उपदाढ आणि खालची शेवटची दाढ एकमेकींना घासून कात्रीसारख्या चालतात, मांस कापायचं काम त्यांचं. लांब थोबाड आणि दातांची मोठी रांग दिसली तर तो कुत्र्याच्या कुळातला कुणीतरी, त्यातल्या बहुतेकांना 42 दात असतात.

अजून एक खूण. तोंड मिटलेलं असेल तर खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे बसतो. घाईत काढलेल्या किंवा बनावट चित्रात हे हमखास उलटं असतं.

आता वाघ की सिंह. यासाठी खालच्या जबड्याची खालची कड बघा. सिंहाची कड बाहेरच्या बाजूला गोलसर असते, तो जबडा सपाट टेबलावर ठेवून बोट लावलं की पाळण्यासारखा डुलतो. वाघाची कड सरळ किंवा किंचित आत गेलेली, तो जबडा टेबलावर बसून राहतो. प्लेटवर पट्टी धरून बघा, लगेच कळतं. वरून काढलेलं चित्र असेल तर नाकाची दोन लांब हाडं बघा, वाघात ती शेजारच्या वरच्या जबड्याच्या हाडाच्या टोकापेक्षा मागे कपाळाकडे गेलेली असतात, सिंहात ते टोक त्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही मागे जातं. आणि गीरच्या सिंहाची एक गंमत, डोळ्याच्या खोबणीच्या पुढे खाली एक भोक असतं, मिशांकडे जाणाऱ्या नसा त्यातून जातात, ते गीरच्या सिंहांमधे बऱ्याचदा दोन भागात विभागलेलं असतं. प्लेटमधे असं दुहेरी भोक दिसलं तर चित्रकाराने किती बारकाईने बघितलंय याचा अंदाज येतो.

मोठे वाकडे सुळे हनुवटीच्याही खाली आलेली कवटी 'सेबरटूथ टायगर' म्हणून विकतात. तो स्मायलोडॉन, अमेरिका खंडातला, साधारण 10,000 वर्षांपूर्वी संपलेला, आणि तो वाघ नाहीच, वेगळ्याच शाखेतला. आवडला तर जरूर लावा, पण वाघ म्हणून नको.

चित्राखालचं नाव वाचून गोंधळू नका. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मधे वाघाला फेलिस टायग्रिस म्हटलं, म्हणजे घरातल्या मांजराच्याच घरात बसवलं, आणि जुन्या प्लेट्सवर तेच नाव असतं. पँथेरा टायग्रिस हे नाव रूढ झालं ते पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या 1929 च्या सुमाराच्या कामानंतर. त्यामुळे जुनी म्हणून विकलेली प्लेट 1840 ची सांगतात आणि खाली पँथेरा टायग्रिस छापलंय असं असेल तर ते नाव नंतर कुणीतरी टाकलंय.

फाइल कुठून घ्यायची

सगळ्यात चांगली आणि फुकट जागा म्हणजे बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही वेबसाइट. जगातल्या मोठमोठ्या लायब्ररींनी जुनी निसर्गविज्ञानाची पुस्तकं स्कॅन करून तिथे टाकलीयेत, आणि 19व्या शतकातल्या या प्लेट्सवर आता कुणाचा कॉपीराइट नाहीये. तिथे ब्लेनव्हिल शोधा. पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधे कुव्हिए या नावाजलेल्या शास्त्रज्ञानंतर तुलनात्मक शरीररचनेचं प्राध्यापकपद ज्याला मिळालं तो हा माणूस. त्याचं सस्तन प्राण्यांच्या सांगाड्यांवरचं 'ऑस्टिओग्राफी' हे प्रचंड काम 1839 ते 1864 असं भागाभागाने छापलं गेलं, तो स्वतः 1850 मधेच गेला, पण प्लेट्स येत राहिल्या. चित्रं व्हेर्नर नावाच्या चित्रकाराची, लिथोग्राफ. मांजरकुळाच्या प्लेट्स बघाच, त्या राखाडी छटा मी आजवर दुसरीकडे बघितल्या नाहीत.

डाउनलोड करताना पीडीएफ घेऊ नका, त्यात इमेज दाबून बारीक केलेली असते. त्या पानाची मूळ साइझची इमेज घ्या. पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर पण असेल तर तिथे पूर्ण पानांचं जेपी2 या प्रकारच्या इमेजचं मोठं झिप मिळतं, ते जड असतं पण तेच घ्या.

साइझ: जमलं तर खऱ्या मापात छापा

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि त्याचं चीज झालं. पूर्ण वाढलेल्या नर बंगाल वाघाची कवटी साधारण 33 ते 38 सेंमी लांब असते. ए3 कागद आडवा धरला की 42 सेंमी. म्हणजे वाघाची कवटी खऱ्या मापात ए3 वर आरामात बसते आणि दोन्ही बाजूला मोकळी जागा पण उरते! बिबट्याची कवटी बरीच लहान, 20 ते 25 सेंमीच्या आसपास, ती ए4 वर बसते. आमच्या मागे येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे मी बिबट्याची पण एक ए4 काढून वाघाच्या शेजारी लावलीये, दोन्ही खऱ्या मापात, आणि दोघांमधला फरक कुणाला शब्दात सांगावा लागत नाही. माझी आत्या चंद्रपूरची, आयुष्यभर वाघाच्या गोष्टी ऐकलेली, तिला आधी घरात कवटीचं चित्र नकोच होतं. मग ती जवळ गेली, सुळ्यावर स्वतःचं बोट आडवं धरून बघितलं, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. चित्र अर्ध्या मापात असतं तर हे झालं नसतं.

हिशोब असा करायचा. फाइल उघडून कवटीची लांबी पिक्सेलमधे मोजा, पुढच्या दातांपासून मागच्या टोकापर्यंत. 35 सेंमी म्हणजे 13.78 इंच. 300 डीपीआय, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके, हवं असेल तर कवटी साधारण 4100 पिक्सेल लांब हवी. 2750 असेल तर 200 डीपीआय पडेल, भिंतीवर हातभर लांबून चालतं, पण नाक लावून बघणाऱ्याला बारीक रेषा मऊ वाटतील. त्याहून कमी असेल तर मोठं करण्याचा हट्ट सोडा, लहान छापा. सॉफ्टवेअरने पिक्सेल वाढवून घेऊ नका, ती सॉफ्टवेअर नसलेल्या शिवणी तयार करतात. प्लेटवरच 'निम्मं माप' किंवा 'नैसर्गिक माप' असं फ्रेंच किंवा इंग्रजीत लिहिलेलं असेल तर त्यावरून खरी लांबी काढता येते, नाहीतर वरचे आकडे धरा.

साफसफाई, आणि माझी दुसरी प्रिंट कशी गेली

जुन्या कागदावर तपकिरी ठिपके असतात, दमटपणा आणि बुरशीमुळे पडलेले. ते काढायचा मोह होतो. दुसऱ्या वेळी मी फाइल एका प्रिंटिंगवाल्याला दिली आणि त्याने न सांगता 'क्लीन' करून दिली, फार मेहनतीने केली असणार, पण घरी आणून बघते तर खालच्या जबड्यावर सुळ्यामागच्या मोकळ्या जागेखाली जी बारीक भोकं असतात ती गायब! त्या भोकांतून खालच्या ओठाकडे नस आणि रक्तवाहिनी जाते, व्हेटर्नरीवाले बधिर करायचं इंजेक्शन तिथेच देतात. त्याला ते डाग वाटले. डोळ्याखालचं मिशांच्या नसांचं मोठं भोक राहिलं, पण त्याच्या कडेची सावली पुसून ते सपाट झालं होतं. ज्याला माहीत नाही त्याला काहीच कळलं नसतं, पण मला रोज तेच दिसायला लागलं आणि शेवटी ती प्रिंट काढून टाकली.

म्हणून साफसफाई स्वतः करा आणि नियम एकच ठेवा: कवटीच्या बाहेरच्या कोऱ्या कागदावरचे डाग काढायचे, कवटीच्या आत हात लावायचा नाही. आत एखादा ठिपका डागच आहे अशी खात्री असेल तरच काढा, आणि ती खात्री त्याच प्राण्याचं दुसरं चित्र शेजारी उघडून करा. भोकाला कडेने सावली असते, डाग नुसताच पसरलेला असतो. कागद पांढराफटक करू नका, थोडा पिवळसरपणा राहू दे, राखाडी छटा त्यावरच खुलतात. चित्र आरशासारखं उलटं करू नका, सोफ्याकडे तोंड हवं म्हणून करतात लोक, पण मग डावी बाजू उजवी होते आणि खालची अक्षरं पण उलटी. आणि खालचं नाव, प्लेट नंबर, चित्रकाराची बारीक सही हे कापू नका, हात जोडून सांगते.

लॅबला देताना लिहून द्या: कलर करेक्शन नको, शार्पनिंग नको, क्रॉप नको, 100 टक्के साइझ. 'फिट टू पेज' एका क्लिकने तुमचं सगळं माप घालवतं. पूर्ण प्रिंटच्या आधी एक पट्टी टेस्ट काढून घ्या, त्यात वरची लांब उपदाढ आणि गालाची कमान येऊ दे, सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकट भाग तिथेच असतात.

कागद कॉटन रॅग (कापसाच्या धाग्यांचा), मॅट, ॲसिड-फ्री, 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, आणि शाई पिगमेंट, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली. ग्लॉसी फोटो पेपर नको, लिथोग्राफ चकाकत नाही.

खरी जुनी प्लेटच घ्यायची असेल तर

जमत असेल तर का नाही, पण जवळ भिंग हवं, सोनाराकडे असतं तसं 10 पट दाखवणारं. नवीन ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतात, ओळीत, शिस्तीत. इंकजेटमधे फवारल्यासारखे बारीक रंगीत कण. खऱ्या लिथोग्राफमधे खडूने खरखरीत भिंतीवर घासावं तशी दाणेदार छटा दिसते, दगडाचा पोत तो. ताम्रपटावरून छापलेलं एनग्रेव्हिंग असेल तर रेषा तीक्ष्ण आणि चित्राभोवती कागदात दाबलेली चौकट बोटाला लागते, लिथोग्राफला ती नसते. लिथोग्राफी आपल्याला परकी नाही, राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मधे मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती याच तंत्राच्या. घरात तशी जुनी तसबीर असेल तर आधी तिच्यावर भिंग धरून डोळे तयार करा.

फ्रेम: इथे घाई केली की सगळं वाया

पहिल्या प्रिंटचं असं झालं की फ्रेमवाल्याने ती पांढऱ्या गमने हार्डबोर्डवर चिकटवली आणि वर थेट काच लावली. जुलै येईपर्यंत कागदाला लाटा, ऑगस्टमधे कागद काचेला चिकटला, दिवाळीत काढायला गेले तर कपाळाच्या हाडाचा तुकडा काचेवरच राहिला. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, त्याला हलायला जागा नसेल तर तो सुरकुततो.

आपल्याकडच्या हवेला चालणारी रचना पुढून मागे अशी: काच, माउंट, प्रिंट, मागचा ॲसिड-फ्री बोर्ड, पॉलिएस्टरची पातळ शीट, मग फ्रेमवाल्याचा नेहमीचा हार्डबोर्ड, आणि मागून सगळ्या कडा कागदी टेपने बंद. ती पॉलिएस्टर शीट हार्डबोर्डमधलं ॲसिड आणि भिंतीची ओल दोन्ही थोपवते. माउंट फक्त दिसायला नसतो, काच आणि कागद यात अंतर ठेवायचं काम तो करतो, म्हणून माउंट नको असेल तर काचेखाली कडेने स्पेसर पट्टी लागतेच. माउंट बोर्ड घेताना कापलेली कड बघा आणि ॲसिड-फ्री आहे का ते नीट विचारा, स्वस्त बोर्ड दोन-तीन वर्षांत कापलेल्या कडेला तपकिरी पडतो आणि ती रेषा प्रिंटवर उतरते.

माझी मापं देते, सरळ वापरा. प्रिंट ए3 प्लस कागदावर, म्हणजे 483 बाय 329 मिमी, कवटी 35 सेंमी. माउंटची खिडकी 420 बाय 285. वर आणि दोन्ही बाजूला माउंट 6 सेंमी, खाली 7.5. फ्रेमचं आतलं माप झालं 54 बाय 42 सेंमी. कागद सगळीकडून दोन-तीन सेंमी माउंटखाली जातो, म्हणजे पकडायला जागा मिळते. पट्टी मी सागवानाची घेतली, साधी, नक्षी नसलेली, 2 सेंमी रुंद. आत दोन-तीन मिमी मोकळं ठेवायला सांगा, लाकूड पण फुगतं.

प्रिंट बोर्डला धरायची कशी? नवीन प्रिंट असेल तर ॲसिड-फ्री कागदाचे चार कोपरे, फोटो अल्बममधे असायचे तसे, बस. जुनी प्लेट असेल तर वरच्या कडेला दोनच बिजागऱ्या, पातळ जपानी कागदाच्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेल्या. कुरडयांसाठी चीक काढतो त्याच जातीचा स्टार्च, पण आंबवलेला नको, शुद्ध विकत मिळतो तो घ्या, आणि मैद्याची खळ तर नकोच, त्यावर कसर येते. खालची कड मोकळी सोडा, कागद लोंबू दे. सेलोटेप, डबल टेप, गम, काहीही नको. फ्रेमवाला म्हणेल 'मॅडम, सरकेल', त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या, मी तसंच केलं आणि आता तो दुसऱ्या गिऱ्हाइकांना पण कोपरे लावून देतो.

काच 2 मिमीची साधी चालते, पण खिडकीसमोर असेल तर यूव्ही अडवणारी घ्या. दाणेदार 'नॉन-रिफ्लेक्टिव्ह' काच मात्र टाळा, माउंटमुळे पडलेल्या अंतरातून ती सगळं धुरकट करते आणि आपण ज्या बारीक शिवणींसाठी एवढं केलं त्याच दिसेनाशा होतात.

भिंत

बाहेरची पावसाची भिंत नको, बाथरूमच्या पलीकडची नको, थेट उन्हाची नको. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंमीवर. ड्रिल करून गिट्टी आणि स्क्रू. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून अर्धा सेंमी सुटून राहते आणि मागून हवा खेळते.

दर वर्षी ऑक्टोबर हीट सुरू झाली की फ्रेम उतरवून मागचा टेप बघा. कुठे सुटला असेल, कडेला कुरतडल्यासारखं किंवा चंदेरी पावडर दिसत असेल, तर कसर आत गेलीये, उघडून साफ करा आणि नवीन टेप लावा. काचेला आतून धुरकटपणा असेल तर दोन दिवस कोरड्या खोलीत उघडी ठेवून मग बंद करा. आणि फ्रेम बंद करायच्या आधी मागच्या ॲसिड-फ्री बोर्डवर पेन्सिलने, पेनने नाही, लिहून ठेवा: कुठला प्राणी, मूळ प्लेट कुणाची आणि कुठल्या सालची, छापली कधी, कागद आणि शाई कुठली, कवटी किती सेंमीला छापलीये. माझ्या बोर्डवर याच्या खाली पाच ऑक्टोबरच्या तारखा आहेत.